धुतलेली मुळं

देऊळगाव राजाला खोली शोधताना मी किती दारं वाजवली ते सांगत बसत नाही. माणसं आधी आडनाव विचारतात आणि मग त्यांच्याकडे अचानक पाहुणे येणार असतात. शेषरावांनीही आडनाव विचारलं. थोडा वेळ भिंतीकडं पाहिलं आणि गच्चीवरची खोली दिली. वर जायला घराच्या मागून लोखंडी जिना आहे.

"मॅडम, येणं-जाणं मागून ठेवा," ते म्हणाले. "पुढं अंगणात तुळस हाय."

तुळशीला माझ्या चपलेची काय अडचण, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दोघांनाही उत्तर माहीत होतं.

मी इथल्या एका लॅबमध्ये रक्त काढते. शेषरावांची साखर मीच तपासायचे. बाही वर करून ते हात माझ्या हातात द्यायचे, सुई टोचताना डोळे मिटायचे. तिथं त्यांना अंगण आठवायचं नाही.

वडील गेल्यावर मी आईला बीबीहून इथं आणलं. जनकाबाई तिचं नाव. सगळा जन्म मातीत गेलेली बाई. सिमेंटच्या खोलीत ती नुसती भिंतीला पाठ लावून बसायची. जेवायची नाही, भांडायचीसुद्धा नाही. मला वाटलं, आता ही काही टिकत नाही. मग एक दिवस बाजारातून ती गोडेतेलाचा रिकामा डबा घेऊन आली. खिळा आणि दगड घेऊन बुडाला भोकं पाडत बसली.

"हे काय करती?"

"खालून पाणी गेलं नाही तर मूळ सडते. तुले कालेजात नाही शिकवलं?"

वर्षभरात गच्ची भरली. डबे, रंगाच्या बादल्या, फुटका माठ. प्रत्येकाखाली दोन विटा. वांगी, मिरच्या, आंबटचुका, कढीपत्ता. पानांवर माव्याची कीड पडली की ती आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडायची. खोलीत खिडकीपाशी मी मनीप्लँट आणि स्नेक प्लँट ठेवला. त्यांना पाणी घालायचं असलं की आई आधी बोट मातीत खुपसायला लावायची. बोटाला ओल लागली तर तांब्या खाली ठेवायचा. "तहान नसताना पाजलं तर माणूसबी मरते," ती म्हणायची.

आणि एका कोपऱ्यात निळा ड्रम. त्यात घरातली सालं, देठं, चहाचा चोथा. ओल्या कचऱ्याचा एक थर झाला की वर वाळल्या पानांचा एक थर. तसं केलं की वास येत नाही. तळातून काळी भुसभुशीत माती निघाली की आई ती मुठीत धरून नाकाशी न्यायची. त्या ड्रमपाशी ती पुन्हा बोलायला लागली, हसायला लागली. म्हणून सांगते, तो ड्रम कचऱ्याचा नव्हता. तो माझ्या आईचा जीव होता.

दसऱ्यानंतर शेषराव जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "मॅडम, तो ड्रम आणि डबे हलवा. स्लॅब झिरपून राह्यला. वास येते ते वेगळं."

"काका, वर या. वास घेऊन पाहा."

"वर कशाला येऊ? तुळशीचं लगन होईपर्यंत हलवा. नाहीतर दुसरी खोली पाहा."

स्लॅब झिरपत होता तो त्यांच्याच टाकीखाली. टाकी भरून वाहायची आणि कोणी नळ बंद करायचं नाही. पण खरं कारण आईनं आणि मी आदल्या दिवशीच ऐकलं होतं. शेजारच्या उत्तमरावांना ते सांगत होते, "यांचं खरकटं माझ्या डोक्यावर सडून राह्यलं."

मी आईला म्हटलं, आपण खोली सोडू नाहीतर भांडू. ड्रम हलवायचा नाही.

"कशाले भांडती, बाई? देऊ फेकून. मी बसतो भिंतीले टेकून."

ती हे हसत म्हणाली. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

त्याच दिवसांत खाली अंगणातली तुळस काळी पडायला लागली. लग्न तोंडावर आणि नवरी मरायला टेकलेली. कोकिळाकाकू, म्हणजे शेषरावांची बायको, रडकुंडीला आली. वरून मला सगळं दिसत होतं. सकाळी काकू एक तांब्या पाणी घालायची. मग शेषराव एक तांब्या. मग पोरगी, सून, आलेला-गेलेला प्रत्येक जण एकेक तांब्या. वर दुधाची धार, हळदकुंकू, दिव्याचं तेल. वृंदावन सिमेंटचं, बुडाला भोक नाही. जितकी वाळत होती तितकं जास्त पाणी. सगळ्या घरानं मिळून भक्तिभावानं तिला बुडवून मारलं.

आमच्या गच्चीवर मात्र तुळशीची दोन रोपं हिरवीगार होती. आम्ही लावली नव्हती. मंजिऱ्यांचं बी अंगणातून वाऱ्यानं वर आलं आणि आईच्या बादलीत रुजलं. मी उपटायला निघाले होते, आमच्या घरात तुळशीचं काय काम. आई म्हणाली, "राहू दे. खोकल्याले चालते."

एका दुपारी काकूंनी लोखंडी जिन्याखालून हाक मारली. "जनकामावशी, तुमच्याकडं तुळस हाय म्हणतात."

"दोन हायेत. कोणती पाहिजे?"

आईनं एक रोप मुळाभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट काढलं, ओल्या फडक्यात बांधलं आणि खाली नेऊन दिलं. मी दात-ओठ खात वरच थांबले. थोड्या वेळानं नळाचा आवाज आला. मी कठड्यावरून वाकून पाहिलं.

शेषराव धुण्याच्या दगडावर रोप आडवं धरून मुळं धूत होते. आईची काळी माती नाल्यात वाहत होती. काकू बाजूला गोमूत्राची वाटी घेऊन उभ्या. पांढरी, केसासारखी मुळं उघडी पडली, तुटली, दगडाला चिकटली. मग ते नागडं रोप त्यांनी त्याच कुजलेल्या चिखलात खोचलं. वर प्रत्येकाचा एकेक तांब्या.

रोप पाहता पाहता मान टाकून गेलं.

दोन दिवसांनी काकू पुन्हा जिन्याखाली. "मावशी, ते काही लागलं नाही. दुसरं द्या ना. परवा लगन हाय."

"काऊन लागलं नाही?" आईनं विचारलं.

मी म्हटलं, "कारण काकांनी मुळं धुतली. तुझी माती लागली होती ना त्याले."

आईला हे माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, तिला लागेल म्हणून. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग काकूंकडं. माझी आई जन्मभर बाजूला सरकत आलेली. कोणी विहिरीवर थांब म्हटलं तर थांबली, कोणी लांबून टाक म्हटलं तर लांबून टाकलं. मला वाटलं, आताही म्हणेल, जाऊ दे.

"धुतलं?" ती म्हणाली. "जितं मूळ धुतलं?"

ती उठली. बादलीसकट दुसरं रोप उचललं, कमरेवर घेतलं. लोखंडी जिना उतरली, घराला वळसा घालून पुढच्या फाटकातून सरळ अंगणात शिरली. मी आणि काकू मागोमाग. भर दिवसा. उत्तमरावांच्या घरचे ओट्यावर डाळ निवडत बसले होते, त्यांचे हात थांबले.

शेषराव खुर्चीतून उठले. "मावशी, इकडून नाही. मागून."

"मागून खूप आली. झाड पाहिजे का नाही?"

"पाहिजे, पण..."

"मग ऐका. हे झाड या मातीतलं हाय. माती घ्यायची तर झाड घ्या. माती नको तर झाडबी नको. अर्धं मी देत नाही."

"आम्ही नर्सरीतून आणू," शेषराव म्हणाले. "जालना रोडवर पन्नास मिळतात."

"आणा," मी म्हटलं. "पिशवीत कोणाच्या हातची माती हाय ते इचारून आणा. आडनावासकट."

शेषरावांचं तोंड लाल झालं. "मॅडम, तुम्ही भाडेकरू हाय. उद्याच्या उद्या खोली खाली करा."

"करते. पण साखर तपासायले दुसरीकडं जा, काका. माह्या हाताचं तुम्हाले चालत नाही ना."

ओट्यावर कोणीतरी फिसकन हसलं. शेषराव तिकडं पाहू लागले. आई मात्र कोणाकडंच पाहत नव्हती. तिनं वृंदावनात हात घातला. शेषरावांच्या तोंडून "अहो, अहो" एवढंच निघालं. तिनं मूठभर चिखल काढला आणि काकूंच्या नाकापुढं धरला.

"घे वास, बाई. खरकटं कोणाचं सडलं ते पाहा."

काकूंनी वास घेतला आणि पदर नाकाला लावला. ती मोठ्या घरची बाई, नवऱ्यासमोर आवाज न करणारी. मला तिच्याकडून काहीच अपेक्षा नव्हती, आजही फारशी नाही. पण तिनं वृंदावनापाशी तयार ठेवलेली गोमूत्राची वाटी उचलून खिडकीत ठेवली, पदर खोचला आणि घमेलं आणायला आत गेली.

"कोकिळा," शेषराव म्हणाले.

"लगन परवा हाय," आतून आवाज आला. "तुम्ही धुतलं ते मेलं. आता मी पाहतो. सब्बल कुठं हाय?"

वृंदावनाच्या बुडाला आधी भोक पाडलं. शेषरावांनी पहार हातात घेतली नाही, काकूंनी मारली, मी मारली. काळं पाणी अंगणभर आलं. सगळा चिखल उपसला. मग काकू घमेलं घेऊन पहिल्यांदा लोखंडी जिना चढून गच्चीवर आल्या. ड्रमपाशी थबकल्या. मी हात बांधून उभी राहिले. मनात म्हटलं, इथं मी मदत करणार नाही. तुझा हात तूच घाल.

तिनं घातला. कोपरापर्यंत.

लग्न लागलं. मंगलाष्टकांना आम्हाला कोणी बोलावलं नाही आणि बोलावलं असतं तर आम्ही गेलो नसतो. खोलीचं शेषराव पुन्हा बोलले नाहीत. ड्रम जागेवर आहे. त्यांनी चूक कबूल केली नाही, मी माफ केलं नाही. लॅबमध्ये ते आता माझ्या सुटीच्या दिवशी येतात. येऊ देत.

जिना मागंच आहे, पण मागचं फाटक गंजत पडलं आहे. आई अंगणातूनच जाते-येते, थांबत नाही, चोरासारखी चालत नाही. आणि सकाळी गच्चीच्या कठड्यावरून तिचा आवाज सगळ्या गल्लीत जातो.

"कोकिळा, बोट घातलं का?"

"हाव, मावशी."

"ओल हाय?"

"हाय."

"मग ठेव तांब्या खाली. आणि तुह्या नवऱ्यालेबी सांग."