‘ध्रुवगामी’चं स्वयंपाकघर

टाकी (जागा अनिश्चित)

धम्मपाल सोनकांबळेनं काउंटरवर ट्रेसिंग पेपर पसरला, चार कोपऱ्यांवर शाईच्या चार बाटल्या ठेवल्या आणि हात लांबवून पंख्याचं बटण बंद केलं. भर मे महिन्यात दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर मल्लिकार्जुननं त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. आता त्यानं फक्त पंच्यानं मान पुसली आणि कागदावर ओणवा झाला.

“यानातली पाण्याची टाकी कुठं धरायची?” धम्मपालनं विचारलं. “पहिल्या पुस्तकात ती यंत्रघराच्या डोक्यावर हाय. पाचव्यात कप्तानाच्या खोलीमागं.”

“सरकारी असंल,” स्टुलावरून चन्नबसप्पा म्हणाला. तो दाळमिलचा मुनीम. संध्याकाळी मिल बंद झाली की इथंच. “जागा बदलत राहती. पाणी काई येत न्हाई.”

“अण्णा, तुम्ही यानाच्या पंखांचं बोला. मुखपृष्ठावर कधी तीन, कधी चार.”

“चौथा पंख म्हंजे सावली हाय म्हणायचं अन् मोकळं व्हायचं.”

गंजगोलाईमागच्या या स्टेशनरीच्या दुकानात एक फळी भाड्याच्या पुस्तकांची होती आणि त्या फळीवर ‘ध्रुवगामी’ मालिकेचे चोवीस भाग. पृथ्वी आटल्यावर ध्रुवताऱ्याकडं निघालेलं यान, त्याचा कप्तान विश्वास, डॉक्टर मालती, आणि खाली यंत्रघरात केरबा. कप्तानाचा डावा हात चौथ्या भागात तुटला आणि सातव्यात त्यानं टाळ्या वाजवल्या, यावर चन्नबसप्पा दोन उन्हाळे भांडला होता. मालतीचा अंबाडा एका मुखपृष्ठावर होता, पुढच्यावर नव्हता, यावर मल्लिकार्जुन. लातूर जिल्हा झाला, भोकरचा धम्मपाल नव्या बांधकाम कचेरीत नकाशे उतरवणारा ट्रेसर म्हणून आला, शाई घ्यायला दुकानात शिरला आणि शाई विसरून अकरावा भाग घेऊन गेला. तेव्हापासूनची ही बैठक.

आता प्रकाशकानं जाहीर केलं होतं की पंचविसाव्या भागात यानाचा नकाशा छापणार, वाचकांनी पाठवावा. अट एकच: चोवीस भागांतला प्रत्येक प्रसंग त्यात बसला पाहिजे. पुस्तकात आपलं नाव छापून यावं, धम्मपालच्या शेजारी, एवढी एकच हाव मल्लिकार्जुनला त्या उन्हाळ्यात होती.


भिंत (दार नाही)

यंत्रघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये धम्मपालनं जाड रेघ ओढली. मल्लिकार्जुन वाट बघत राहिला. रेघ कुठंही तुटली नाही.

“दार राहिलं बे.”

“दार न्हाई तिथं.”

“असं कसं? शेजारी शेजारी तर हायेत दोन्ही. केरबाला फोडणीचा वास येतो, उलथन्याचा आवाज येतो.”

“वास येतो. आवाज येतो. केरबा कधी आत येतो का? त्याचं ताट झरोक्यातून येतं. मालती सगळ्यांना वाढती, पंगत बसती, त्यात केरबा कुठल्या भागात हाय, दाखव.” धम्मपालनं अकरावा भाग पुढं सरकवला. “यंत्रघराला आग लागली, तवा सगळे स्वयंपाकघरातच होते. तरी सगळ्या यानाला वळसा घालून आले. दार असतं तर वळसा घातला असता?”

चन्नबसप्पानं तोंडातली सुपारी चावायची थांबवली.

“लेखकाची चूक असंल रे,” मल्लिकार्जुन म्हणाला. “त्याच्या मनात तसं काही नसणार.”

“मनात असतं तर दडवलं असतं. नव्हतं, म्हणून तर इतकं बरोबर उतरलंय.”

“एवढंसं दार काढ. कोण बघायलंय?”

“मी बघून राहिलो ना.” धम्मपालनं पेनाला टोपण लावलं. “नसलेलं दार मी कचेरीत काढत न्हाई. इथंबी न्हाई. तुला दार पाहिजे असंल तर पुस्तकात दाखव.”

त्यानं कागदाची गुंडाळी केली. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली आपली पाण्याची बाटली काढून खांद्याला लावली आणि पंखा पुन्हा सुरू करून गेला.


खिळा (नकाशात दाखवलेला नाही)

मल्लिकार्जुननं चोवीस भाग पुन्हा काढले. गिऱ्हाइकाला रजिस्टर देता देता, नव्या जिल्ह्याचे शिक्के गुंडाळता गुंडाळता तो एकच जागा शोधत होता, जिथं केरबा टाकीला तोंड लावतो, किंवा निदान उंबऱ्यात उभा राहतो. केरबा गाणी म्हणत होता, यान वाचवत होता, सोळाव्या भागात तर मरता मरता वाचला. पाणी तो आपल्याच डब्यातलं पीत होता.

“सापडलं का?” चन्नबसप्पा रोज विचारायचा.

“बघायलोय.”

“धम्मपाल येईना झाला. मजा न्हाई राव त्याच्याशिवाय. माझ्या कप्तानाला कुणी थोटा म्हणंना.”

शेवटचा भाग मिटून मल्लिकार्जुननं मान वर केली, तर समोर बसवण्णांच्या तसबिरीखाली तो रिकामा खिळा. त्यानंच ठोकलेला. “टाकी घेऊनच फिरतोस की लेका,” असं हसत, बाटलीसाठी ठोकला होता. या दुष्काळात कुणीही आपलं पाणी आपण बाळगतं, त्यात वावगं काय?

पण खिळा ठोकला तो दिवस त्याला आठवला. जिल्ह्याच्या पहिल्या वाढदिवसाची मिरवणूक पावसानं धुऊन काढली होती. गोलाईत घोटाघोटा पाणी होतं. धम्मपाल सदऱ्याच्या आत कागद धरून, निथळत दुकानात शिरला होता आणि खांद्याला बाटली होती. त्या वर्षी दुष्काळ नव्हता.

मल्लिकार्जुननं फळीवरची पक्कड घेतली. खिळा घट्ट बसला होता; निघताना पोपडा घेऊन निघाला.

मग तो बांधकाम कचेरीत गेला. धम्मपाल टेबलावर वाकलेला होता.

“न्हाई सापडलं दार,” मल्लिकार्जुन म्हणाला.

“माहीत हाय.”

“तुझाच नकाशा पाठवू. हाय तसा.”

धम्मपालनं रेघ पूर्ण केली, मग वर पाहिलं. “संध्याकाळी येतो.”


स्वयंपाकघर

तो आला आणि सवयीनं बाटली अडकवायला गेला. हात भिंतीवर नुसताच फिरला.

“खिळा कुठं गेला?”

“काढला.”

“अन् बाटली कुठं ठेवू?”

“कशाला पाहिजे? माठ आत हाय.”

दुकान आणि घर यांच्यामध्ये निळा पडदा होता. पलीकडं मल्लिकार्जुनची आई, नीलम्मा. लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारी. धम्मपाल आत आलेला तिला चालणार नाही, हे मल्लिकार्जुन इतकी वर्षं धरून चालला होता.

“आईंना विचारलंस?” धम्मपालनं हळू विचारलं.

मल्लिकार्जुन शाईच्या बाटल्या सरळ लावू लागला. त्या सरळच होत्या.

धम्मपालनं काखेतली कागदाची गुंडाळी आणि बाटली काउंटरवर ठेवली. “राहू दे. मीच विचारतो,” म्हणाला, आणि पडदा सारून आत गेला.

चन्नबसप्पा स्टुलावरून अर्धा उठला, पुन्हा बसला. मल्लिकार्जुनला आत जाववेना. तो अलीकडून कान देऊन उभा राहिला. उलथन्याचा आवाज येत होता, तो थांबला. धम्मपाल काहीतरी म्हणाला, ऐकू आलं नाही. फोडणीचा वास तेवढा येत होता.

मग माठावरचं झाकण उचलल्याचा आवाज आला.

“बस की. तो पाट घे,” नीलम्माचा आवाज. “लेकरा, तीन वर्षं झाली, तुमचं सगळं हितनं ऐकायलेय म्या. त्या केरबाचं तू म्हणालास ते खरं हाय. पण मला एक सांग. ती डाक्टरीण सगळ्यांना वाढती. केरबाचं ताट झरोक्यातनं देती. मग ती स्वतः कुठं जेवती? ते हाय का तुझ्या कागदावर?”

चन्नबसप्पानं मल्लिकार्जुनकडं पाहिलं. मल्लिकार्जुननं फळीवरच्या चोवीस पुस्तकांकडं पाहिलं.

आतून पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

“मल्लू,” धम्मपालनं हाक मारली, “तो कागद घेऊन आत ये. अन् रबर आण.”