कोपऱ्यातला घात

आमच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत तिला सगळे वहिनी म्हणतात. नोकरी तिची अकरा वर्षांची, आणि हाक मात्र दोन वर्षांपूर्वी लागलेल्या दिराच्या नात्यानं. त्याचा अर्ज तिनंच साहेबांच्या टेबलावर ठेवला होता. तो आला, पहिल्याच दिवशी बाटल्यांच्या कपाटापाशी मोठ्यानं "वहिनी, पेन आहे का?" म्हणाला, आणि आठवड्याभरात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची ती वहिनी झाली. पेन अजून परत आलेलं नाही.

अहवालातले आलेख वहिनी काढायची. तिचा एक नियम होता. लिटरभर पाण्यात शिसं असतं ग्रॅमच्या आठ-दहा दशलक्षांश भागांइतकं, आणि अहवाल तपासणाऱ्या समितीच्या छापील तक्त्यात एकक ग्रॅमच लागतं. इतकी शून्यं अक्षावर मावत नाहीत, म्हणून आलेखाचं सॉफ्टवेअर आपल्याच अकलेनं अक्षावर दोन, चार, सहा, आठ असे सुटसुटीत आकडे मांडतं आणि खरी गोम, म्हणजे दहाचा उणे सहावा घात, वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात टाकून मोकळं होतं. वहिनी तो घात तिथून उचलून अक्षाच्या नावात, एककाला चिकटून बसवायची.

"भाऊजी, कोपऱ्यात ठेवलेलं कुणी वाचत नाही," ती दिराला शिकवताना म्हणायची. "वर शीर्षकाची पट्टी आली की पहिलं तेच झाकलं जातं."

"हो हो," दीर म्हणायचा. तो 'हो' एकदा म्हणाला तर समजायचं ऐकलं. दोनदा म्हणाला तर नाही.

या वर्षी आलेख विभागाला प्रमुख नेमायचा होता. जागा वहिनीचीच, असं सगळे धरून चालले होते. साहेबांनी फक्त एवढंच म्हटलं होतं, "समितीची बैठक नीट पार पडू द्या, मग पत्र काढतो."

बैठकीत अहवाल वाचायचं काम दिराकडे होतं, आवाज चांगला म्हणून. वहिनी मागच्या भिंतीशी खुर्चीवर. सातवा आलेख पडद्यावर आला आणि तिनं मान पुढे काढली. रेघा जांभळ्या होत्या. तिच्या निळ्या असतात. अक्षावर दोन, चार, सहा, आठ, शेजारी नुसतं 'ग्रॅम प्रति लिटर', आणि कोपरा शीर्षकाच्या पट्टीखाली गडप.

समितीतल्या टकल्या सदस्यांनी चष्मा वर केला. "लिटरमागे आठ ग्रॅम शिसं? अहो, नळाला पाणी येतं की छर्रे?"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. "हा आलेख कुणी काढला?"

दिरानं एक घोट पाणी घेतलं. मग म्हणाला, "आलेख वहिनीच काढतात."

व्याकरणात कुठे खोट नाही. आलेख वहिनीच काढायची, रोज काढायची, हा आलेख सोडून. ती पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. त्यानं आठवा आलेख लावला.

बैठक संपल्यावर तिनं त्याला जिन्यात गाठलं.

"भाऊजी, तो माझा नव्हता."

"मी कुठे म्हटलं तुमचा होता? आलेख वहिनी काढतात, म्हटलं. काढता ना?"

"माझी फाइल तुमच्याकडे होती."

"निळा रंग पडद्यावर फिका दिसत होता. सकाळी मी नव्यानं काढला. ते घाताचं राहिलं. चुकतो माणूस!"

"मग चला, साहेबांना सांगू."

"आत्ता सांगितलं तर मी खोटारडा ठरतो. मी नवा आहे वहिनी, मला लगेच काढतील. तुमची अकरा वर्षं आहेत, एका चुकीनं तुमचं काय जाणार आहे? घरातलं घरात राहू द्या."

तिला वाटलं, घरी तरी हे सांगता येईल. तिनं चप्पल काढली तोच नवरा म्हणाला, "जाऊ दे गं. लहान आहे तो."

"चौतीस वर्षांचा आहे. आणि मी अजून तोंडसुद्धा उघडलेलं नाही."

"दुपारीच फोन आला होता त्याचा. मी म्हटलं, ती घेईल समजून."

म्हणजे तिनं काय करायचं हे ती जिना उतरायच्या आत ठरलं होतं. भावाभावांत. केसानं गळा कापतात म्हणतात. इथे एकानं कापला होता आणि दुसऱ्यानं डोकं धरलं होतं.

तरी दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. निळा आलेखही दाखवला. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला. "वहिनी, हा तुम्ही कालच्या बैठकीनंतरही दुरुस्त केलेला असू शकतो. आणि घरच्या माणसावर ढकलणं बरं दिसत नाही."

पत्र निघालं. प्रमुख झाला दीर. खाली एक ओळ जास्तीची होती: यापुढे प्रत्येक आलेखावर प्रमुखांची सही लागेल.

तेव्हापासून ती त्याला साहेब म्हणते. कामावर म्हणते ते ठीक, पण घरी जेवायला बसल्यावरही, "साहेब, भात वाढू?" नवऱ्याचा घास तोंडातच राहतो. सासूबाईंना वाटतं, बढतीचं कौतुक चाललंय.

महिन्यानं समितीनं नव्या प्रमुखांचे जांभळ्या रेघांचे सगळे आलेख सुधारून मागितले. दीर तिच्या टेबलाशी आला. इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "वहिनी, ते कोपऱ्यातलं नावात कसं आणायचं? दोन तास झटतोय, जागचं हलत नाही."

तिनं निळ्या रेघांवरची नजर उचलली नाही.

"आलेख वहिनी काढायच्या, साहेब."

तो थोडा वेळ उभा राहिला, पुढच्या वाक्याची वाट बघत.