पहिली पायरी सगळ्यांना

कोणत्याही कंपनीची सुरक्षा तिच्या रचनेत असते, यावर सायमन साळवेची श्रद्धा होती. ती मीटिंगमध्ये चहा येईपर्यंत टिकली.

नेवासा फाट्याजवळच्या एका पशुखाद्य कंपनीत सायमन कंत्राटावर कॉम्प्युटर सांभाळायचा. गेल्या साली पेंडीचा फॉर्म्युला कोणाच्या तरी मोबाईलवरून बाहेर गेला. तेव्हा मालक उत्तमराव त्याला म्हणाले, कंपनीपुरती एक साइट कर आणि फॉर्म्युला तिच्यात बंदोबस्तात ठेव. पुन्हा फुटला नाही तर दिवाळीला तुला कायम करतो. फुटला तर काय, ते सांगायची गरज नव्हती.

सायमनने तीन पायऱ्या आखल्या. तिसरीवर सूचना, सगळ्यांसाठी. दुसरीवर ज्याच्या त्याच्या खात्याच्या फायली. पहिलीवर फॉर्म्युला, तिथे फक्त उत्तमराव आणि लॅबच्या दीपा मॅडम. शेवटी एक नियम: कंत्राटी माणसाला कुठेच प्रवेश नाही. त्यात आपणही मोडतो, हे लिहिताना त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

स्टोअर सांभाळणारे कानिफनाथ तिसगावचे, मालकांचे साडू. मीटिंगमध्ये त्यांनी आराखड्याचा कागद पाहिला आणि चहाचा कप लांब सरकवला.

"आमी दुसऱ्या पायरीवर व्हय? पत्रिकेत नाव खाली टाकलं तरी मी जेवून येतो सायमनभाऊ, पन हे लई झालं."

पायरी मानाची नाही, कामाची आहे, असं सायमनने परोपरीने सांगितलं. मग ती दीपा वर कशी, असं कानिफनाथांनी विचारलं. तोवर अकाउंट्सवाल्यांचीही तोंडं उतरली होती. उत्तमरावांनी तोडगा काढला: सगळ्यांना पहिलीवर घे.

"साहेब, मग लपवायचं कोणापासून?"

"बाहेरच्यांपासून. आतली समदी घरचीच हायेत."

वेगवेगळे पासवर्ड दिले तर पुन्हा तुलना होणार, म्हणून सगळ्यांना मिळून एकच. तो ठरवायचा मान कानिफनाथांना.

उद्घाटनाच्या सकाळी कंपनीच्या गेटवर, हमरस्त्याकडे तोंड करून, फ्लेक्स झळकला. पहिल्या पायरीवरच्या सगळ्यांचे फोटो, एकाच मापाचे. खाली 'शुभेच्छुक' असतं त्या जागी साइटचा पत्ता आणि पासवर्ड. आम्हाला कळवलं नाही अशी कोणाची कुरकूर नको, म्हणून कानिफनाथांनी ही काळजी घेतली होती.

फ्लेक्स उतरवा म्हणून सायमनने मालकांना विनवलं. फोटोतली माणसं रुसतील, असं उत्तमराव म्हणाले. निदान पासवर्ड तरी बदलू म्हणून तो धावत आपल्या टेबलावर आला, तर त्याचं स्वतःचं खातंच बंद. आदल्या संध्याकाळी कानिफनाथांनी पहिल्या पायरीच्या अधिकारात कंत्राटी माणसाचा नियम लागू केला होता. अख्ख्या आराखड्यातला तेवढाच नियम, ज्याला कोणाची हरकत नव्हती.

सायमन पुन्हा गेटवर गेला. उसाचा ट्रक पुढे सरकेपर्यंत थांबला, मान वर करून पासवर्ड तळहातावर उतरवून घेतला आणि परत येऊन साइटमध्ये शिरला. पासवर्ड बदलण्याआधी फॉर्म्युला जागेवर आहे ना, हे पाहायला त्याने फोल्डर उघडलं.

ते रिकामं होतं. फाइल चढवायचा मान कोणाचा, हे अजून ठरायचं होतं.