पाटीवर बिबट्या लिहिलंय

मी एक ठसा बोलतोय. प्लास्टरचा, एका पंजाचा. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी निसर्ग उद्यान आहे ना, त्याच्या माहिती केंद्रात शिरलात की डाव्या हाताच्या टेबलावर मी दिसेन. माझ्या पाटीवर लिहिलंय, ‘बिबट्या’. आता तुम्ही सहकुटुंब तिकीट काढून आलाच आहात, तर खरं काय ते सांगून टाकतो. मी कुत्र्याचा आहे.

हसू नका. आधी मलाही गंमतच वाटली होती.

इथल्या बागेच्या मागे पूर्वी माळ्यांच्या खोल्या होत्या. तिथला नळ कायम गळका. त्या चिखलात माझा जन्म झाला. एक दांडगा कुत्रा बंद दारापर्यंत आला, थांबला, आणि निघून गेला. त्याने पाय उचलला आणि मी तिथेच राहिलो. पुढे त्याचं काय झालं, देव जाणे.

सकाळी एक नवीन साहेब आले. त्यांना बिबट्या बघायची भारी हौस, आणि बिबट्या काही दिसत नव्हता. मला बघून ते हरखलेच. लगेच प्लास्टर कालवलं आणि ओतलं. बाकीच्या तीन पावलांवरून कुणाची तरी सायकल गेली होती, म्हणून मी एकटाच इथे आलो.

मजा म्हणजे समोरच्याच भिंतीवर भलामोठा फलक आहे. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, ती ठशात उमटत नाहीत, असं त्यावर लिहिलंय. लोक तो फलक मोठ्याने वाचतात, माझ्याकडे वळतात आणि म्हणतात, बापरे, नखं बघ केवढी! आता यांना काय बोलायचं?

पोरं मला हात लावतात आणि लगेच मागे घेतात. आया आपल्या बाळांना माझी भीती घालतात. तरुण मंडळी माझ्याशेजारी पंजा उगारून फोटो काढतात आणि फुलपाखरांच्या बागेकडे पळतात. इतकी वर्षं झाली, पण कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवतात तसा माझ्यावरून कुणी फिरवला नव्हता. सोमवारी केंद्र बंद असतं. त्या दिवशी तर फार एकटं वाटतं. कुणीतरी एकदा मला माझ्या नावाने हाक मारावी, एवढंच मनात येत राहतं. आणि लगेच भीती वाटते. ओळख पटली तर माझी रवानगी थेट कचऱ्यात. कुत्र्याचा ठसा कोण ठेवणार हो टेबलावर?

गेल्या रविवारी कांजूरमार्गहून एक कुटुंब आलं. म्हातारे जयवंतराव, त्यांची मुलगी दर्शना, जावई राजेश आणि नात निधी. बोलण्यावरून कळलं की जयवंतराव इथलेच माळी. फुलपाखरांसाठी लावलेली कढीपत्त्याची झाडं नातीला दाखवायला ते आले होते. त्या मागच्या खोल्यांतच त्यांचा संसार झाला होता. मग खोल्या रिकाम्या करायला लागल्या आणि ते बिल्डिंगमध्ये राहायला गेले. दर्शना तेव्हा सातवीत होती.

निधीला माझी भीती वाटेना. ती सरळ माझी नखं मोजायला लागली. दर्शना पाटी वाचत होती. पाटीवर पुढे असंही लिहिलंय, की खोल्या रिकाम्या झाल्यावर हा बिबट्या रोज एका दारात येऊन बसत असे, आणि एक बोट आत वळलेलं असल्यामुळे तो जखमी असावा. वाचता वाचता ती थांबली. तिने माझ्या त्या वाकड्या बोटावर आपलं बोट ठेवलं. पिल्लू असताना ते फाटकात चेमटलं होतं. त्यावर हळद लावून चिंधी बांधणारी हीच होती.

“बाबा,” ती म्हणाली, “हा खंड्या.”

काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांनी माझं नाव कानावर पडलं.

“बरोबर ओळखलंत, मॅडम,” माहिती सांगणारी प्रांजल खूश होऊन म्हणाली. “खंड्याच. आपल्या ओढ्यावर दिसतो कधीकधी.”

सगळ्यांच्या माना वर गेल्या. माझ्या डोक्यावर भिंतीला एका निळ्या पक्ष्याचं चित्र टांगलंय. त्याचंही नाव खंड्याच! राजेशने त्याचा फोटोसुद्धा काढला.

जयवंतराव तेवढे वर बघत नव्हते. ते लेकीजवळ सरकले आणि हळू आवाजात बोलले. “सीतारामने गावी नेलाच नव्हता गं त्याला. बिल्डिंगमध्ये कुत्रा चालत नव्हता, आणि तू तर जेवेनाशी झाली होतीस. म्हणून तसं सांगितलं. मला वाटलं, ओळखीची जागा आहे, राहील इथे.”

सीताराम म्हणजे तेव्हाचा वॉचमन. त्याच्या शेतावर खंड्या बकऱ्या राखतो, ही गोष्ट ऐकून दर्शना लहानपणी शांत झाली होती. तीच गोष्ट सांगून आता ती निधीला झोपवते. मी मनात म्हणत होतो, बोल बाई, सगळ्यांसमोर बोल. मग मला फेकून दिलं तरी चालेल.

“मम्मी,” निधीने विचारलं, “तुझा खंड्या पण इथेच राहायचा ना? मग तो गावी कसा गेला?”

दर्शनाचा तळवा माझ्यावरून फिरत होता. अगदी कुत्र्याच्या पाठीवरून फिरवतात तसा.

“टेम्पोतून,” ती म्हणाली. “सीताराम काकांच्या मांडीवर बसून. एवढा खूश होता, की मागे वळूनसुद्धा बघितलं नाही त्याने.”

जयवंतरावांनी चष्मा काढून पुसला. निधीचं समाधान झालं आणि सगळे बागेकडे गेले.

मी तिच्यावर रागावलो नाही. पोरीला तिने दुसरं काय सांगायचं? पण मला फार रडू आलं. बघितलं होतं गं मागे वळून. रोज बघितलं.

तर मंडळी, तुम्हीही आता बागेकडे निघाला असाल. कुणाला काही सांगू नका, माझी जागा जाईल. फक्त जाताना माझ्यावरून एकदा हात फिरवा आणि खंड्या म्हणा. मोठ्याने म्हटलंत तरी काही बिघडत नाही. लोक वर पक्ष्याकडेच बघतील.