हॉब आणि नॅनचे दार

मी एक जुना पब आहे. हे ऐकून काहींचे आईवडील नाक मुरडतील, म्हणून आधीच सांगतो: माझ्याकडची बिअर मोठ्यांसाठी. पण गरम सूप, शेकोटीची ऊब आणि गावाच्या बातम्या लहानथोर सगळ्यांना मिळतात. यॉर्कशरमधल्या स्केलबेक गावात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, मी तीनशे वर्षे उभा आहे. याच टेकडीचा दगड फोडून मला बांधले, त्यामुळे मला इथे कधी परके वाटले नाही.

मित्रांनो, सुरुवातीला मला नावही नव्हते. लोक नुसते ‘वरचे घर’ म्हणत. माझ्याकडे हॉब आणि नॅन हे भाऊबहीण कामाला होते. हॉब पिंपे वाहून आणी, नॅन चूल सांभाळी. एका फेब्रुवारीत ओढ्याला पूर आला आणि पलीकडची घरे बुडू लागली. गावात होडी नव्हती. नॅनने इकडेतिकडे पाहिले, भावाला हाक मारली आणि दोघांनी माझे पुढचे दार उचकटून पाण्यात लोटले. त्या दारावरून त्यांनी दिवसभरात अठरा माणसे आणि एक डुक्कर अलीकडे आणले. अठरा हे गाव सांगते. मी मोजली होती, सतराच होती, पण डुक्कर खरे. तेव्हापासून माझे नाव ‘हॉब आणि नॅन’. पाटीवर तिघांचे चित्र आहे आणि त्यात डुक्कर सर्वांत छान उतरले आहे.

त्या पुरानंतर गावाने माझे दार वेगळ्या रीतीने बसवले. चौकटीत दोन लोखंडी खुंट्या आणि त्यांवर दार नुसते टेकवलेले. वर उचलले की निघाले. पुन्हा पूर आला तर वेळ जायला नको. दरवर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी दोघेजण ते दार उचलून ओढ्यापर्यंत नेतात, त्याची खालची कड पाण्यात बुडवतात आणि परत आणतात. तोवर सगळे गाव बिनदाराच्या माझ्यात कोट घालून, कुडकुडत सूप पिते. तो माझा सर्वांत आवडता दिवस.

गेली एकतीस वर्षे हॉबची बाजू नेड ऑल्डरॉइड धरायचा आणि नॅनची त्याची बायको हेस्टर. मागच्या वर्षी शरद ऋतूत नेड गेला. त्याच सुमारास माझ्याकडे नवा व्यवस्थापक आला, क्लाइव्ह पेंडर. माणूस कष्टाळू होता. मालक कंपनीने त्याला बजावले होते की जूनपर्यंत गिऱ्हाईक वाढले नाही तर माझ्या दाराला कायमचे कुलूप लागेल. त्याने माझ्या खिडक्या रंगवल्या, धुराडे साफ केले. मला बरे वाटले, खोटे कशाला सांगू? मग जानेवारीत त्याने पाहिले की वारा सुटला की दार खडखडते आणि थंडी आत येते. त्याने लोखंडी पट्ट्या आणल्या आणि आठ स्क्रू पिळून दार चौकटीला पक्के केले. मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो.

दुसऱ्या शनिवारी हेस्टर हातमोजे घालून सकाळीच आली. तिच्या एका हातात नेडचे हातमोजे होते. तिने स्क्रू पाहिले, दोन्ही जोड खिशात घातले आणि ती घरी गेली. त्या दिवसापासून गाव यायचे बंद झाले.

आमच्या गावाची एक खोड आहे. ज्याची चूक, त्याने विचारल्याशिवाय कुणी त्याला ती सांगत नाही. क्लाइव्हने बिअर बदलली, खुर्च्या बदलल्या. रस्त्यात कुणी भेटले की “सूप आवडलं नव्हतं का?” म्हणून विचारी.

“चांगलं होतं की,” म्हणून लोक पुढे जात.

एप्रिलभर तो माझ्या रिकाम्या बाकांकडे बघत माशा मारत बसला. मला त्याचा राग यायचा आणि दयाही यायची. शेवटी मेच्या सुरुवातीला एका सकाळी हेस्टर समोरून जाताना तो बाहेर आला.

“मिसेस ऑल्डरॉइड, जरा थांबता? सगळं करून बघितलं. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना. माझं काय चुकलं?”

“विचारलंस एकदाचं,” ती म्हणाली. “अडीच महिने लावलेस बाळा. मला वाटलं, मी मेल्यावरच विचारशील.”

तिने दाराकडे बोट केले आणि सगळे सांगितले. नेडचेही सांगितले. क्लाइव्हने दारावरच्या लोखंडी पट्टीवर हात ठेवला.

“मला वाटलं, दार मोडकं आहे,” तो म्हणाला. “मी दुरुस्त केलं.”

“हो ना. फार छान दुरुस्त केलंस.”

तो आत गेला, पेचकस घेऊन आला आणि आठही स्क्रू त्याने स्वतः काढले. मग म्हणाला, “पण तो दिवस तर गेला. आता पुढच्या फेब्रुवारीतच ना?”

“पूर काय पंचांग बघून आला होता?” हेस्टर म्हणाली. तिने फेब्रुवारीपासून खिशातच असलेले आपले हातमोजे काढले. मग क्षणभर थांबून दुसरा जोड काढला आणि त्याच्यापुढे धरला. “घाल. नेडचे हात मोठे होते, तुला सैल होतील. कड नीट धर, पाण्यात गेली की ती मागं ओढते.”

दोघे दार घेऊन ओढ्याकडे निघाले. खिडक्या उघडल्या, लोक बाहेर आले. ते परत येईपर्यंत माझ्यात बसायला जागा उरली नव्हती, आणि मे महिन्यातही सगळ्यांनी कोट घातले होते. जूनमध्ये कंपनीचा माणूस आला, तेव्हा त्याला सूपची वाटी हातात घेऊन उभे राहावे लागले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची डागडुजी जरूर करा. माझे छप्पर दोन ठिकाणी गळते आहे, तेही कुणी क्लाइव्हच्या कानावर घाला. पण एखादी गोष्ट खिळखिळी दिसली, तर स्क्रू पिळण्याआधी ती तशी का आहे, हे तिच्या माणसांना विचारा. वारा सुटला की माझे दार अजून खडखडते. क्लाइव्ह आता स्वेटर घालतो.