बिब्ब्याचा डाग

पुण्याचे सर्जन महिन्याच्या पहिल्या सोमवारी इंदापूरच्या दवाखान्यात येत. १९५६च्या जानेवारीत महिपती त्यांच्यासमोर पहिल्यांदा बसला. वय तेवीस, बारामतीजवळ भाजीचा मळा, डावी नाकपुडी कडेपर्यंत फाटलेली.

त्याच्या आधीची चार भावंडं गेली होती. हा तरी जगावा म्हणून आईने, द्वारकाबाईने, बाराव्या दिवशी त्याचं नाक टोचून सोन्याची बाळी घातली. पोर विद्रूप दिसलं की काळाची नजर पडत नाही, अशी समजूत. सातव्या वर्षी ती बाळी गोठ्यात बैलाच्या दाव्यात अडकली आणि नाकपुडी चिरली.

"आत्ताच का दुरुस्त करायचंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"यष्टीत कंडक्टरची भरती हाय. पोरं म्हणत्यात, तिकिटाच्या आधी म्हिपाच्या नाकालाच चिमटा मारलाय."

"नाक नीट झालं आणि तरी घेतलं नाही तर?"

महिपतीने बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवली. "मग दुसरं कायतरी कमी आसंल. निदान ते तरी कळंल."

डॉक्टरांनी मान डोलावली. नव्या नाकाबरोबर नवं नशीब मागणारे पुष्कळ येत. हा तसा नव्हता. बिडी सोड, कातडी स्वच्छ ठेव, पुढच्या महिन्यात तारीख देतो, असं सांगून त्यांनी त्याला पाठवलं.

फेब्रुवारीत नाकपुडीच्या कडेला पाणी भरलेले फोड होते. मार्चमध्ये पुन्हा तेच.

"हात लावतोस?"

"न्हाय जी."

"झोपेत?"

महिपतीने आपल्या बोटांकडे पाहिलं.

"काहींना ऑपरेशन हवंही असतं आणि आतून नकोही असतं. तसं असेल तर मी सुरी लावणार नाही. एप्रिलमध्ये शेवटचं बघतो."

त्यानंतर महिपतीचा स्वतःवरचा भरवसा उडाला. वांगी तोडताना तो मधेच थांबून आपले हात कुठे आहेत ते बघे. निजताना मनगटं दोरीने बांधून घेई. तरी सोमवार जवळ आला की फोड यायचे ते आलेच.

एप्रिलच्या सोमवारी सकाळी द्वारकाबाईने त्याच्यापुढे भाकरी ठेवली. तिच्या बोटाचं टोक काळं पडून फुगलं होतं. बिब्ब्याचं तेल कातडी असंच जाळतं. महिपती उठला आणि त्याने वळणीवरचा आपला तोंड पुसायचा पंचा ओढला. त्याच्या कोपऱ्यावरही तसाच काळा डाग होता.

"आये, तू?"

"चार गेली," ती म्हणाली. "फाटक्या नाकापायी तू ऱ्हायलास. शिवून घेतलंस आन् त्यानं वळखलं म्हंजी?"

"मला वाटलं, मला येड लागलंय!"

"लागू दे. हाईस न्हवं?"

महिपतीने पंचा चुलीत टाकला. "चल, यष्टी चुकंल."

"मी कशाला?"

"हेच डाक्टरास्नी सांग."

दवाखान्यात तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी आधी तिच्या बोटाला मलम लावलं, मग त्याचं नाक पाहिलं.

"समदं बुजवणार व्हय?" द्वारकाबाईने विचारलं. "थोडं ऱ्हाऊ द्या की."

"सगळं कधीच बुजत नाही, बाई. एक रेघ राहते."

"केवढी?"

डॉक्टरांनी टेबलावर नखाने रेघ ओढली.

"लांबनं दिसंल?"

"नाही. जवळून दिसेल."

महिपतीने खुर्चीची कड घट्ट धरली होती. द्वारकाबाई त्या नखाच्या खुणेकडे बघत राहिली.

"त्यो जवळनंच बघतो," ती म्हणाली. "चारी खेपंला मी तितंच हुते. करा."

डॉक्टरांनी पेन उघडलं. "चार जून, पुण्यात. तोवर बिब्बा?"

तिने मलम लावलेलं बोट पदराखाली घेतलं. "न्हाय लावायची. पर त्या दिशी आमुशा हाय का, तेवढं बघा."

महिपती आधीच उठून भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेला होता.