नवीन चालक

विमावाल्यांनी चिठ्ठीवर आकडा लिहिला, चिठ्ठी दोन बोटांनी टेबलावरून पुढे सरकवली आणि लगेच आपल्या चहाच्या कपात डोकं घातलं. जणू तो आकडा दुसऱ्याच कुणीतरी लिहिला होता.

चिमीने चिठ्ठी वाचली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मग ती आत्याने घेतली आणि हातभर लांब धरून वाचली, कारण वाचायचा चष्मा खाली व्हॅनमध्ये राहिला होता.

"हा विमा आहे की गाडीची किंमत?" आत्याने विचारलं.

"विमाच आहे, काकू. एका वर्षाचा."

"अहो, गाडी हिने याच्यापेक्षा स्वस्तात घेतलीय."

विमावाले कसनुसे हसले. माणूस सज्जन दिसत होता. टक्कल पडत आलेलं, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. तो डाग कशाने निघेल हे आत्याला बसल्या बसल्या ठाऊक होतं, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही, ही धंद्यातली शिस्त.

"वय कमी, लायसन्स नवं," ते म्हणाले. "त्यात गाडी कामासाठी रोज फिरणार. कंपनीला भीती वाटते हो."

"माझी?" चिमी म्हणाली.

"तुमची म्हणजे... तुमच्या वयाची."

चिमी आत्याच्या भावाची मुलगी. शिक्षण पुरं होऊन तिला नोकरी लागली होती ती घरोघर जाऊन आजाऱ्यांकडून व्यायाम करून घ्यायची. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाचा अर्धा देह लुळा पडलेला. घडीचं टेबल, पट्टे, वजनं घेऊन फिरायचं म्हणजे गाडी हवी, आणि विम्याचा कागद दाखवल्याशिवाय कामावर घेणार नाही, असं नोकरी देणाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. सोमवारी रुजू व्हायचं होतं. एका निवृत्त मास्तरांची जुनी छोटी गाडी तिने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून घेतली होती, आणि आता ती गाडी दारात उभी राहून धूळ खात होती. हे तिसरं ऑफिस. पहिल्या दोन्हीकडे तिला हाच आकडा थोड्याफार फरकाने दाखवला होता.

"दुसरा काही मार्ग?" तिने विचारलं.

"आहे. गाडीत एक डबा बसवतो आम्ही. एवढासा." विमावाल्यांनी काडेपेटीएवढं माप दाखवलं. "ब्रेक कसा दाबता, वळण कसं घेता, किती वेगाने जाता, सगळं टिपतो. नीट चालवलीत तर हप्ता पुष्कळ खाली येतो."

"म्हणजे गाडीत सासू बसवायची," चिमी म्हणाली. "लग्नाआधीच."

आत्याला हसू आवरेना. विमावालेही हसले, पण चिमी हसत नव्हती. "मी काय चोर आहे? माझ्यावर पाळत ठेवणार तुम्ही? बाजूच्या टेबलावर तो चाळिशीचा माणूस सही करून गेला, त्याच्या गाडीत नाही बसवला डबा."

"त्यांच्या नावावर अनुभव आहे ना."

"कुणी दिला अनुभव त्यांना? पहिल्या दिवशी तेही नवेच असतील."

विमावाल्यांनी चहाचा कप बाजूला सारला. त्यांनी आवाज जरा उतरवला. "वडिलांच्या नावावर का नाही घेत? पुष्कळ लोक घेतात. मुख्य चालक वडील दाखवायचे आणि..."

"सकाळीच झालं ते," आत्या म्हणाली.

सकाळी चहाच्या वेळी दादाने हेच सांगितलं होतं. दादा म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, चिमीचा बाप. कपातली साखर ढवळत तो म्हणाला होता, "माझ्या नावावर टाक आणि मोकळी हो. माझा रेकॉर्ड बघून कंपनीवाले उभे राहतात." चिमीने कप खाली ठेवला होता. "गाडी माझी, चालवणार मी, आणि नाव तुमचं? बाबा, उद्या रस्त्यात काही झालं तर ते म्हणतील, चालवत होतं कोण? कागदावर कोण? मग एक पैसा मिळायचा नाही. वर खोटं लिहिलं म्हणून आपणच धरले जाऊ." दादा तिला शहाणी झालीस म्हणाला आणि वर्तमानपत्र उघडून बसला. आत्याला तेव्हा भाचीचं कौतुक वाटलं होतं आणि थोडा कंटाळाही आला होता. कुठून आणते ही पोर एवढा ताठा, असं मनात म्हणत ती उठली होती. हॉस्पिटलच्या चादरी पोचवायच्या होत्या. निघताना म्हणाली, चल, तुला त्या ऑफिसात सोडते.

"मग एक करता येईल," विमावाले म्हणाले. "पॉलिसी यांच्याच नावावर. पण सोबत दुसरा चालक म्हणून एखादं अनुभवी माणूस घाला, अधूनमधून खरंच ती गाडी चालवणारं. त्याने थोडा फरक पडतो."

"मग मी आहे की!" आत्या खुर्चीत पुढे सरकली. "लिहा माझं नाव. रविवारी भाजीला हिचीच गाडी नेईन. तीसेक वर्षं झाली मला चालवायला लागून. अजून एक ओरखडा नाही गाडीला."

चिमीचा चेहरा खुलला. "आत्या, तू करशील?"

"करशील काय? केलं समज."

विमावाल्यांनाही बरं वाटलं. त्यांनी आत्याचं लायसन्स घेतलं, त्यावरचा तरुणपणीचा फोटो आणि समोरचा चेहरा यांची गाठ घातली, आणि कॉम्प्युटरवर बोटं चालवली. मग थांबले. पुन्हा चालवली.

"काकू, तुमच्या नावावर गाडी कुठली होती?"

"माझ्या नावावर कशी असेल? आमची लाँड्री आहे. व्हॅन लाँड्रीची. ती भावाच्या नावावर, विमा तुमच्याच कंपनीचा."

"बरोबर. पण त्या पॉलिसीत चालक म्हणून तुमचं नाव असेल ना?"

"असणारच."

ते पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पडदा जरा वळवला, आत्याला चष्म्याशिवाय वाचता यायचं नाही हे विसरून. चिमी वाकली आणि तिने वाचलं. वाचून ती सरळ बसली.

"काय आहे गं?"

"एकच नाव आहे, आत्या. बाबांचं."

"आणि आधीच्या व्हॅनला?"

"तिथेही तेच," विमावाले म्हणाले. "त्याच्या आधीही. तीन व्हॅन, चालक एकच. दावा एकही नाही. फार चांगला रेकॉर्ड आहे तुमच्या भावाचा."

त्यांच्या घरात कागद दादाच्या नावावर करायची पद्धत होती. घर, दुकान, वीज, फोन, सगळं. त्यात कुणाच्या मनात पाप नव्हतं. फॉर्मवर नाव लिहायची रेघ आली की दादाचा हात आपसूक चालायचा, आणि बाकीचे चहा टाकायला उठायचे. आत्याही उठायची. पहिली व्हॅन आली तेव्हा आत्या विशी ओलांडून थोडी पुढे गेली होती. वडिलांनी विचारलं होतं, चालवायला कोण शिकतंय? दादाने दोन दिवस प्रयत्न केला, तिसऱ्या दिवशी दुकानाची पायरी तोडली आणि किल्ली बहिणीच्या हातात देऊन म्हणाला, माझं डोकं हिशोबात चालतं. तेव्हापासून पहाटेची फेरी तिची. त्या व्हॅनचा गिअर रुसलेल्या मुलासारखा होता. गोंजारल्याशिवाय पडायचा नाही. मागे ऊन ऊन चादरींची गाठोडी, खळीचा वास, काचेवर वाफ. धुक्यात रस्त्याची कडा दिसायची नाही तेव्हा ती खिडकीतून मान बाहेर काढून चालवायची. संपाच्या दिवसांत सगळं बंद असताना हॉस्पिटलात चादरी पोचल्या होत्या त्या तिच्यामुळे. भिजल्या रस्त्यावर एकदा सायकलवाली पोर घसरून समोर पडली, तेव्हा व्हॅन कशी थांबली ते अजून तिचं तिलाच कळलं नव्हतं. पोर उठून घंटी वाजवत निघून गेली. आत्या मात्र बराच वेळ तिथेच, हात स्टिअरिंगवर ठेवून बसली होती.

कंपनीने दादाला एक प्रशस्तिपत्र पाठवलं होतं, इतकी वर्षं विनाअपघात वाहन चालवल्याबद्दल. दुकानात गल्ल्याच्या वर लावलंय. खिळा आत्यानेच ठोकला होता. दादा खालून सांगत होता, जरा डावीकडे, जरा डावीकडे. तेव्हा सगळेच हसले होते. तीसुद्धा.

"म्हणजे," आत्या सावकाश म्हणाली, "त्या दिवशी त्या पोरीला लागलं असतं..."

कुठली पोर हे दोघांनाही माहीत नव्हतं. पण विमावाल्यांना प्रश्न कळला.

"तर अवघड होतं, काकू. कंपनीच्या लेखी तुम्ही व्हॅनमध्ये नव्हताच."

आत्याने लायसन्स उचललं, पर्समध्ये ठेवलं, पर्सची चेन लावली. मग चेन पुन्हा उघडली आणि लायसन्स टेबलावर ठेवलं.

"तो डबा," ती म्हणाली. "सगळं टिपतो म्हणालात."

"हो."

"पहाटेचंसुद्धा?"

"दिवसरात्र."

"आणि टिपतो ते कुणाच्या नावावर?"

"जो चालवतो त्याच्या. बसल्यावर ज्याने त्याने आपलं कार्ड लावायचं. दुसऱ्याचं नाव लागायचा प्रश्नच नाही."

"मग आमच्या व्हॅनला एक बसवा."

विमावाल्यांनी चिमीकडे बघितलं, मग आत्याकडे. अवघडल्यासारखे हसले. "काकू, ती योजना तरुण मुलांसाठी... म्हणजे, नवीन चालकांसाठी आहे."

"मग तुमच्या कागदात मी कोण आहे?"

पंखा घरघरत होता. विमावाल्यांनी टेबलावरचं लायसन्स उचलून पुन्हा वाचलं. मग त्यांनी खण ओढला आणि आतून एक कोरा फॉर्म काढला.

"व्हॅनच्या मालकांची संमती लागेल," ते म्हणाले.

आत्याने दादाला फोन लावला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पलीकडून आधी वाफेच्या इस्त्रीचा फुत्कार आला, मग दादा.

"अगं कुठे आहेस? हॉटेलचे टेबलक्लॉथ तयार आहेत. त्यांचे दोन फोन येऊन गेले."

"विम्याच्या ऑफिसात. दादा, व्हॅनच्या पॉलिसीत माझं नाव का नाही?"

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. तुझं एकट्याचं आहे. तीनही व्हॅनना."

"अरे हो, ते होय. एकच रेघ होती गं फॉर्मवर. नंतर तेच पुढे चालू राहिलं. त्यात काय एवढं? घरातलं सगळं एकच आहे. तुझं काय, माझं काय."

"एकच आहे ना? मग टेबलक्लॉथ तू पोचव. व्हॅन खाली उभी आहे. किल्ली पाठवते."

इस्त्री पुन्हा फुत्कारली.  दादा शेवटचा स्टिअरिंगवर बसला होता तेव्हा चिमी जन्मलीही नव्हती.

"थट्टा करू नकोस," तो शेवटी म्हणाला.

"थट्टा नाही. या घटकेला मी ती चालवायची नाही, असं कागद म्हणतो. तुला मात्र मोकळीक आहे. तू ये."

"माझ्याच्याने..." दादाचा आवाज खाली गेला. दुकानात गिऱ्हाईक असावं. "माझ्याच्याने ती मागे तरी घेता येईल का? तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे रे. यांना ठाऊक नव्हतं."

चिमीने खाली मान घालून हसू लपवलं. आत्या हसली नाही.

"माझं नाव घालतेय मी," ती म्हणाली. "मुख्य चालक म्हणून. मंजूर आहे म्हण. हे ऐकतायत."

"आणि हप्ता वाढला म्हणजे?"

"वाढणारच. नवीन माणूस आहे मी."

"अगं, पण सवलत माझ्या... आपल्या रेकॉर्डवर..."

"दादा."

पलीकडे इस्त्री स्टँडवर ठेवल्याचा आवाज आला.

"मंजूर आहे," दादा म्हणाला. मग, जरा थांबून, "टेबलक्लॉथचं सांग बाई त्यांना, उशीर होईल म्हणून."

"तू सांग. तुझं दुकान आहे."

तिने फोन ठेवला.  चिमीने आपली खुर्ची तिच्या खुर्चीला लावली. खुर्चीचे पाय फरशीवर कर्कश वाजले तेव्हा बाजूच्या टेबलावरच्या बाईंनी वळून बघितलं. चिमीने त्यांच्याकडे असं रोखून पाहिलं, की त्या परत कामाला लागल्या.

"मलापण द्या डबा," ती विमावाल्यांना म्हणाली. "त्याने किती कमी होतो ते सांगा. सासू तर सासू."

विमावाल्यांनी दुसरी चिठ्ठी लिहिली. या वेळी ते चहाच्या कपाकडे वळले नाहीत. चिमीने आकडा वाचला, मनात आपला पगार मांडून बघितला, आणि एकदाच मान हलवली. सोमवार जमणार होता.

"आधी तुमचा फॉर्म करू," ते म्हणाले आणि त्यांनी पेन उघडलं.

"आधी हिचा," चिमी म्हणाली. "मी थांबते."

फॉर्म आत्यापुढे आला. तिने तो वळवून विमावाल्यांकडे परत सरकवला, कारण चष्मा खालीच होता. पण उठली मात्र नाही. ते एकेक विचारत गेले, ती सांगत गेली. नाव. पत्ता. जन्मतारीख. व्यवसाय विचारला तेव्हा ती क्षणभरही अडली नाही. "ड्रायव्हर," म्हणाली. पुढच्या रकान्याशी येऊन विमावाल्यांचं पेन थांबलं.

"वाहन चालवण्याचा अनुभव," त्यांनी वाचलं, आणि घसा साफ केला. "काकू, इथे फक्त कंपनीकडे नोंद असलेली वर्षंच लिहिता येतात. म्हणजे मला आता..."

"शून्य लिहा," आत्या म्हणाली. पाठ ताठ, दोन्ही हात टेबलावर. "ठळक लिहा."